प्रेसमध्ये भावाची दोन बोटे गेली. ठेकेदार पंचाहत्तर हजारांवर सही मागत आहे. काय करावे?

उदगीरकर_गुरुजी | ६ डिसेंबर २०२५

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यात शिक्षक आहे. माझा धाकटा भाऊ गेली चार वर्षे चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत प्रेस ऑपरेटर म्हणून काम करत होता. मोटारींना लागणारे पत्र्याचे छोटे ब्रॅकेट तिथे तयार होतात आणि कारखान्यात सगळे मिळून साठ-सत्तर माणसे आहेत.

१८ फेब्रुवारी २०२५ च्या रात्रपाळीत पहाटे साडेतीनच्या सुमारास तो ५० टनी पॉवर प्रेसवर होता. त्याने पेडल दाबून एक जॉब काढला, पाय उचलला आणि तयार तुकडा काढण्यासाठी डायमध्ये (साच्यात) हात घातला, तेवढ्यात प्रेसने आपोआप दुसरा स्ट्रोक मारला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट मुळापासून गेले. तेव्हा त्याला २६ वर्षे पूर्ण झालेली होती.

ही प्रेस ‘डबल मारते’, हे त्याने त्याआधीच्या दहा दिवसांत सुपरवायझरला तीन वेळा सांगितले होते. एकदा तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला होता आणि त्यावर ‘रविवारी बघू, आज माल पाठवायचा आहे’ असे उत्तर आलेले आहे. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी फिटर आला, दुरुस्ती झाली आणि संध्याकाळी प्रेस पुन्हा सुरू झाली.

ठेकेदाराने त्याला ताबडतोब खासगी रुग्णालयात नेले आणि तिथले बिल भरले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. मात्र पुढचे अकरा आठवडे तो घरी होता आणि त्या काळाचा एक रुपयाही पगार मिळाला नाही. मे महिन्यात त्याला पॅकिंगला बसवले आणि दिवाळीनंतर तेही काम बंद केले. आता ठेकेदार पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर मजकूर टाइप करून घेऊन आला आहे. ७५,००० रुपये मिळाले, मशीन बंद न करता हात घातल्यामुळे म्हणजे माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, आणि यापुढे कंपनीविरुद्ध अथवा ठेकेदाराविरुद्ध माझी कोणतीही तक्रार राहणार नाही, असा तो मजकूर आहे. ईएसआयबद्दल (कर्मचारी राज्य विम्याबद्दल) विचारले तर तो म्हणतो की पगार २२,५०० असल्यामुळे ईएसआय लागू होत नाही.

माझा मुख्य प्रश्न असा आहे की यंत्र दुरुस्त होऊन गेल्यावर ते सदोष होते हे आम्ही सिद्ध कसे करायचे? आणि भावाने सही केली तर पुढचे सगळे मार्ग बंद होतात का? पैशांपेक्षाही ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द त्याला सहन होत नाहीत. तो रात्री उठून बसतो आणि पाय पेडलवरून उचलला होता ना, हे पुन्हा पुन्हा मलाच विचारतो.

कामगार_वकील_पुणे | ६ डिसेंबर २०२५

गुरुजी, सर्वप्रथम सही थांबवा. बाकीचे त्यानंतर.

तुमचा मुख्य प्रश्न वाचून एक गैरसमज दूर करावासा वाटतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ कुटुंबांचा तोच असतो. नुकसानभरपाई मिळवण्यासाठी यंत्र सदोष होते हे सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या कलम ३ नुसार अपघात नोकरीच्या ओघात आणि नोकरीमुळे घडला, एवढे पुरेसे आहे. चूक मालकाची होती का, यंत्राची होती का, हा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही. भावाचा निष्काळजीपणा हाही बचाव ठरत नाही. मालकाला सुटका मिळते ती फक्त तीन प्रसंगी: कामगार दारूच्या अथवा अमली पदार्थाच्या अंमलाखाली असेल, सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा संरक्षक साधन माहीत असूनही मुद्दाम काढून टाकले असेल. हे सिद्ध करण्याचे ओझेही मालकावरच असते, आणि मृत्यू किंवा संपूर्ण कायम अपंगत्व आले असेल तर ही सूटसुद्धा मिळत नाही. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ हा शब्दप्रयोग त्या कागदावर कशासाठी आला आहे, हे यावरून तुमच्या लक्षात येईल. आज निष्काळजीपणा लिहून घ्यायचा आणि उद्या त्यालाच आदेशभंग म्हणायचे, असा तो मार्ग आहे.

आता रकमेचा हिशेब मांडतो, म्हणजे ७५,००० रुपयांचे मोल कळेल. अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत एका हाताची दोन बोटे गेल्यास कमावण्याच्या क्षमतेची हानी २० टक्के धरली आहे. संपूर्ण कायम अपंगत्वाची रक्कम मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक अशी काढतात आणि २६ वर्षांचा गुणक २१५.२८ आहे. पगार २२,५०० असला तरी ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशेबापुरते वेतन १५,००० रुपयांपर्यंतच धरले जाते. ही मर्यादा मला व्यक्तिशः अन्यायकारक वाटते, परंतु कायदा तसा आहे. म्हणून ९,००० गुणिले २१५.२८ म्हणजे १९,३७,५२० रुपये आणि त्याचे २० टक्के म्हणजे ३,८७,५०४ रुपये. कलम ४-अ नुसार देय झाल्यापासून महिन्याभरात ही रक्कम दिली नाही तर त्यावर दरसाल १२ टक्के व्याज चढते, म्हणजे तुमच्या बाबतीत दरमहा सुमारे ३,८७५ रुपये, आणि विलंबाला योग्य कारण नसेल तर भरपाईचे दावे ऐकणारे आयुक्त ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावू शकतात. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानेच द्यायचा असतो, त्यामुळे रुग्णालयाचे बिल भरले हे उपकार नव्हेत.

२० टक्के ही अनुसूचीतली संख्या आहे. माणूस नेमके कोणते काम करत होता, याकडेही न्यायालये पाहतात. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबता या १९७६ च्या निकालात डावा हात कोपराच्या वर गेलेल्या सुताराचे प्रकरण होते. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची हानी १०० टक्के धरणे सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवले. भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच निर्माण होते, निकालाच्या दिवशी नव्हे, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले.

तुम्ही विचारले नाही तरी सांगतो: २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत आणि आता ‘जुना कायदाच राहिला नाही’ असे कोणी सांगेल. अपघात फेब्रुवारीतला आहे. हक्क अपघाताच्या तारखेच्या कायद्याने ठरतात, हे केरळ राज्य वीज मंडळाच्या १९९९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे.

हे सगळे मी ईएसआय लागू नव्हते असे गृहीत धरून लिहिले आहे. मात्र ठेकेदाराचे त्याबाबतचे म्हणणे मला खटकते. पगार २२,५०० नेमका कोणत्या महिन्यापासून झाला? कृपया ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पगाराच्या पावत्या पाहून सांगा.

सुरक्षा_अधिकारी_निवृत्त | ७ डिसेंबर २०२५

मी तीस वर्षे प्रेस शॉप असलेल्या कारखान्यांत सुरक्षेचे काम केले. भरपाईसाठी दोष सिद्ध करावा लागत नाही हे वकीलसाहेबांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्यामुळे दोषाचा पुरावा निरुपयोगी ठरत नाही. त्याची जागा वेगळी आहे, एवढेच.

गुरुजी, आपल्या भावाला माझ्या वतीने सांगा की त्याने पाय उचलला होता की नाही, हा प्रश्न त्याने मनातून काढून टाकावा. जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये बहुतेक वेळा पिन क्लच किंवा चावीचा क्लच असतो. पेडल दाबले की चावी फिरत्या फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि शाफ्ट एक पूर्ण फेरा घेतो. फेरा संपताना चावी बाहेर पडली पाहिजे आणि ब्रेकने शाफ्ट वरच्या टोकाला धरून ठेवला पाहिजे. चावीची धार झिजली, तिला मागे ओढणारी स्प्रिंग ढिली झाली किंवा तुटली, अथवा ब्रेकचे लायनिंग गुळगुळीत झाले, की चावी सुटत नाही आणि पेडलवर पाय नसतानाही प्रेस दुसरा फेरा घेते. याचाच अर्थ ‘डबल मारणे’. हा दोष एकाएकी येत नाही, आधी चार-सहा वेळा दिसतो आणि मग कोणाचा तरी हात नेतो. म्हणूनच जी प्रेस एकदा डबल मारते ती त्याच क्षणी बंद करून मुख्य स्विचला कुलूप लावायचे, हा या धंद्यातला पहिला धडा आहे. ‘रविवारी बघू’ हे उत्तर ज्याने दिले त्याला हे माहीत नसेल, असे मी मानायला तयार नाही.

दुसरे असे की अनेक कारखान्यांत अशा प्रेसवर पुढे प्रकाशकिरणांचा सेन्सर बसवतात आणि सुरक्षा झाली असे समजतात. पिन क्लचची प्रेस एकदा सुटली की अर्ध्या वाटेवर थांबूच शकत नाही, त्यामुळे हात आडवा आल्याचे सेन्सरने ओळखले तरी स्लाइड खाली येतच राहते. सेन्सरचा उपयोग फ्रिक्शन क्लचच्या, म्हणजे स्ट्रोकच्या मधेच थांबवता येणाऱ्या, प्रेसवर होतो. पिन क्लचवर खरा उपाय म्हणजे डायभोवती पक्के कुंपण, ज्यातून पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही, आणि जॉब काढण्यासाठी चिमटा किंवा लोहचुंबकाचा दांडा. हात डायमध्ये जाण्याची गरजच उरता कामा नये. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये यंत्राचे धोकादायक भाग भक्कम कुंपणाने बंदिस्त ठेवण्याचे आणि यंत्र चालू असताना ते कुंपण जागेवर ठेवण्याचे जे बंधन आहे, ते भोगवटादारावर, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असणाऱ्यावर आहे, ऑपरेटरवर नाही. आपल्या भावाला हाताने जॉब काढावा लागत होता, याचा अर्थ प्रेस डबल मारत नसती तरीही ती व्यवस्था चुकीचीच होती.

पुरावा गेला असे समजू नका. दुरुस्ती झाली म्हणजे फिटरचे बिल झाले, स्प्रिंग किंवा चावी विकत घेतली गेली आणि देखभालीच्या नोंदवहीत ओळ पडली. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी क्लच उघडला गेला, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. व्हॉट्सॲपवरचा संवाद मात्र आजच्या आज जपून ठेवा. फोन बदलू नका, संदेश पुसले जाणार नाहीत असे पाहा, मूळ व्हिडिओची तारखेसह प्रत काढा आणि त्या पाळीत शेजारच्या प्रेसवर कोण होते त्यांची नावे लिहून ठेवा.

अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही तर कलम ८८ नुसार कारखान्याने निरीक्षकाला कळवणे बंधनकारक होते. माझा अनुभव असा आहे की खासगी रुग्णालयात नेण्यामागे अनेकदा घाईपेक्षा हेच टाळण्याचा हेतू असतो. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि आपले नाव उघड करू नये अशी विनंती त्यातच लिहा. कलम १०६ प्रमाणे खटल्याची तीन महिन्यांची मुदत निरीक्षकाला गुन्हा कळल्यापासून मोजायची असते, त्यामुळे अपघात लपवला गेला असेल तर ती अजून सुरूही झालेली नसेल. त्या खटल्यातील दंड सरकारजमा होतो, तुम्हाला त्यातून काही मिळणार नाही. तरीही तक्रार करा, कारण ती प्रेस अजून चालू आहे.

लघुउद्योजक_भोसरी | ७ डिसेंबर २०२५

माझा स्वतःचा छोटा कारखाना आहे. चौदा माणसे, पाच प्रेस. इथे माझे म्हणणे कोणाला आवडणार नाही, तरीही अनुभवाने सांगतो. गुरुजी, खटला अनेक वर्षे चालतो. तारखांना लातूरहून येणे-जाणे, वकिलाची फी, आणि अखेर ठेकेदार दुसऱ्याच नावाने फर्म काढून मोकळा होतो. पंचाहत्तर हजारांना ते दीड लाखांपर्यंत येतील. ती रक्कम हातात घ्यावी, भावाला गावी छोटे दुकान घालून द्यावे आणि त्याचे मन शांत करावे. मी हे मालकाची बाजू घेऊन बोलत नाही. माझ्या एका मित्राच्या कारखान्यातील मुलाने सात वर्षे प्रकरण चालवले आणि त्या सात वर्षांत त्याने दुसरे काहीच केले नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सुरक्षा अधिकारी साहेबांनी सेन्सरबद्दल जे लिहिले ते मला माहीत नव्हते, हे कबूल करतो. माझ्या दोन प्रेसवर सेन्सर आहेत आणि दोन्ही पिन क्लचच्या आहेत. सोमवारी फिटरला बोलावून डायभोवती जाळी करून घेतो.

उदगीरकर_गुरुजी | ७ डिसेंबर २०२५

सर्वांचे मनापासून आभार. सुरक्षा अधिकारी साहेबांचे उत्तर मी भावाला फोनवर वाचून दाखवले. स्प्रिंग आणि चावीबद्दलचा भाग त्याने दोनदा वाचायला लावला. नंतर बराच वेळ तो काहीच बोलला नाही.

पगाराच्या पावत्या त्याने फोटो काढून पाठवल्या आहेत. डिसेंबर २०२४ पर्यंत पगार १९,८०० होता आणि दरमहा ईएसआयपोटी १४९ रुपये कापलेले दिसतात. जानेवारी २०२५ पासून पगार २२,५०० झाला आणि त्या पावतीवर ईएसआयचा रकाना रिकामा आहे. त्याच्याकडे जुना विमा क्रमांक आणि ओळखपत्र आहे, पण ठेकेदाराने ‘ते आता बंद झाले’ असे सांगितल्यामुळे आम्ही ते कपाटात ठेवून दिले होते.

कामगार_वकील_पुणे | ८ डिसेंबर २०२५

मला हीच शंका होती. गुरुजी, ते कार्ड बंद झालेले नव्हते.

कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ मध्ये वर्गणीचे दोन सहामाही कालावधी असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कलम २(९) च्या परंतुकात (‘परंतु’ने जोडलेल्या अटीत) असे स्पष्ट आहे की कालावधी सुरू झाल्यानंतर मधेच एखाद्याचा पगार २१,००० रुपयांची मर्यादा ओलांडून गेला, तरी तो कालावधी संपेपर्यंत त्या कामगाराचे विमासंरक्षण कायम राहते. आपल्या भावाचा पगार जानेवारीत वाढला, म्हणजे ३१ मार्च २०२५ पर्यंत तो विमाधारकच होता आणि अपघात १८ फेब्रुवारीचा आहे. ठेकेदाराने जानेवारीपासून वर्गणी थांबवली, ती कायद्याविरुद्ध थांबवली. त्यात त्याचे महिन्याला ७३१ रुपये वाचले. त्या तेवढ्या पैशांपायी तुम्हाला दहा महिने चुकीच्या दारात उभे राहावे लागले, याचा मला अतिशय संताप येतो.

वर्गणी भरली नव्हती म्हणून कामगाराचे नुकसान होत नाही. नोकरीतील दुखापतीच्या लाभासाठी अमुक दिवसांची वर्गणी भरलेली असावी अशी अटच नाही. मालकाच्या कसुरीमुळे लाभ अडत असेल तर ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, अशी तरतूद कलम ६८ मध्ये आहे. ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरण्याची जबाबदारी कलम ४० नुसार मुख्य मालकावर, म्हणजे कारखान्यावर असते. त्यामुळे ठेकेदाराने फर्मचे नाव बदलले तरी कारखाना जागेवरच राहतो. लघुउद्योजक साहेबांची ही चिंता रास्त होती, पण या प्रकरणात ती आड येत नाही.

आता माझा आधीचा हिशेब बाजूला ठेवा. ईएसआय लागू असेल तर कलम ५३ मुळे १९२३ च्या अधिनियमाखाली भरपाई मागता येत नाही आणि मालकाविरुद्ध नुकसानीचा दिवाणी दावाही चालत नाही. तरीही हे वाईट झाले असे समजू नका. आकडे पाहा. भावाच्या आधीच्या पगारावरून रोजचे सरासरी वेतन ७६१ रुपयांच्या आसपास निघते. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ त्याच्या ९० टक्के, म्हणजे दिवसाला साधारण ६८५ रुपये. अकरा आठवडे तो घरी होता, त्या ७७ दिवसांचे सुमारे ५२,७०० रुपये होतात. त्यानंतर कायम अपंगत्वाचा लाभ सुरू होतो. वैद्यकीय मंडळाने अनुसूचीप्रमाणे २० टक्केच हानी धरली, तरी दिवसाला साधारण १३७ रुपये म्हणजे महिन्याला ४,१०० च्या आसपास, आणि तेही आजन्म. ३,८७,५०४ रुपयांची एकरकमी रक्कम या हिशेबाने आठ वर्षांच्या आत भरून निघते आणि तुमचा भाऊ २६ वर्षांचा आहे. तो दुसरीकडे नोकरीला लागला तरी हा लाभ बंद होत नाही.

‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ या शब्दांचे उत्तर याच कायद्यात आहे, ते भावाला अवश्य वाचून दाखवा. कलम ५१-अ नुसार नोकरीच्या ओघात झालेला अपघात नोकरीमुळेच झाला असे गृहीत धरले जाते. उलट पुरावा असेल तरच ते गृहीतक ढळते. कलम ५१-ब तर त्याहून पुढे जाते. कामगाराने नियम किंवा आदेश मोडला असला, तरी तो मालकाच्या कामासाठीच ती कृती करत होता आणि नियमभंग नसता तर अपघात नोकरीमुळेच झाला असे मानले गेले असते, एवढे असले तर तो अपघात नोकरीमुळे झाला असेच मानले जाते. डायमधून जॉब काढणे हे मालकाचे काम नव्हे, असे कोण म्हणू शकेल?

सहीबाबत लघुउद्योजक साहेबांनाही उद्देशून लिहितो. ईएसआयचा लाभ मिळण्याचा हक्क दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, हे कलम ६० सांगते. ज्यांना ईएसआय लागू नाही त्यांच्यासाठी १९२३ च्या अधिनियमाचे कलम १७ आहे, ज्यानुसार भरपाईचा हक्क सोडणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. आयुक्तांकडे नोंद न करता केलेल्या तडजोडीत तर मालकावर संपूर्ण भरपाईची जबाबदारी कायम राहते आणि दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक वजावट त्याला सहसा मागता येत नाही. म्हणजे अशी सही कामगाराला पूर्णपणे बांधून ठेवते असे नाही, परंतु ती दूर सारण्यासाठी वाद घालत बसावे लागते आणि नेमका तोच वेळ तुमच्याकडे नाही.

वेळेचे सांगतो, कारण ते सर्वांत महत्त्वाचे आहे. कामगार विमा न्यायालयात जाण्याची मुदत तीन वर्षे असली, तरी लाभ देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत रीतसर मागणी केलेली असावी लागते. त्यानंतर न्यायालयाने सबळ कारणावरून मुदत वाढवून दिली तरच. म्हणून १८ फेब्रुवारी २०२६ ही तारीख डोळ्यांसमोर ठेवा आणि हा अर्ज याच आठवड्यात द्या. ईएसआयच्या शाखा कार्यालयात अपघाताची सूचना भावाने स्वतः लेखी द्यावी. मालकाने अहवाल दिला नाही म्हणून थांबू नये. सोबत विमा क्रमांक, पावत्या, रुग्णालयाची सर्व कागदपत्रे आणि अकरा आठवडे काम करता येत नव्हते असे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र जोडावे. ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला नसला तरी अन्य पुरावा स्वीकारण्याचा अधिकार महामंडळाला आहे. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.

प्रेसशॉप_सहा_बोटे | ८ डिसेंबर २०२५

माझ्या दोन्ही हातांची मिळून आता सहा बोटे उरली आहेत, म्हणून हे नाव घेतले आहे. मला ईएसआयचा लाभ दरमहा मिळतो. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी फक्त वैद्यकीय मंडळापुढचे सांगतो, कारण तिथे आमच्यासारख्यांना बोलता येत नाही आणि पाच मिनिटांत सगळे ठरून जाते.

मंडळापुढे जाताना भावाने स्वतःचे काम काय होते हे एका कागदावर लिहून न्यावे. प्रेस ऑपरेटर होतो, डाय बसवायचो, नट आवळायचो, पत्र्याची शीट दोन्ही हातांनी धरायचो, असे साधे लिहावे. उजवा हात कामाचा आहे हे सांगावे. उरलेल्या बोटांत ताकद नसेल, थंडीत हात आखडत असेल, अंगठ्याने चिमूट धरता येत नसेल, तर तिथे करून दाखवावे. मी लाजेने हात खिशातच ठेवला होता. डॉक्टरांनी विचारले, ‘बाकी ठीक आहे ना?’ आणि मी मान हलवली. मंडळाचा टक्का मान्य नसेल तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट कामगार विमा न्यायालयात जाता येते, पण त्यासाठी मुदत असते, आणि ते मला ती उलटून गेल्यावर कळले.

आणखी एक. गुरुजी, तुमचा भाऊ रात्री उठून बसतो असे तुम्ही लिहिले आहे. मीही उठायचो. माझीही प्रेस डबल मारत होती आणि मलाही वर्षभर वाटत होते की पाय माझाच पडला असावा. त्याला हवे असेल तर मी चाकणला येऊन भेटेन. मला रविवारी सुट्टी असते.

उदगीरकर_गुरुजी | १६ डिसेंबर २०२५

काल भाऊ आणि मी शाखा कार्यालयात जाऊन आलो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने आधी ‘मालकाचा अपघात अहवाल आणा’ असे सांगितले. मी कलम २(९) चे परंतुक आणि दोन्ही पावत्या पुढे ठेवल्या, तेव्हा त्यांनी व्यवस्थापकांकडे नेले. व्यवस्थापकांनी विमा क्रमांक तपासला, जानेवारीपासून वर्गणी नसल्याचे पाहिले आणि कारखान्याकडून खुलासा मागवू असे सांगून अर्ज दाखल करून घेतला. प्रतीवर शिक्का आणि तारीख आहे. मुद्रांकाचा कागद सही न करता ठेकेदाराला परत पाठवला.

संचालनालयाकडची तक्रार मी लिहिली होती, पण पाठवायची की नाही हे भावावर सोपवले होते. लाभ मिळणार असेल तर आणखी शत्रुत्व कशाला, असे माझ्याच मनात आले होते, हे कबूल करतो. रविवारी आपल्यापैकी ज्यांनी भेटायला येतो असे लिहिले होते ते खरोखरच आले आणि तीन तास बसले. ते गेल्यावर भावाने सांगितले की त्याच्या जागी त्या ५० टनी प्रेसवर आता आमच्याच शेजारच्या गावचा एकोणीस वर्षांचा मुलगा आहे आणि अजूनही तो जॉब हातानेच काढतो. तक्रारीवर भावाने डाव्या हाताने सही केली. आज सकाळी ती नोंदणीकृत टपालाने रवाना केली आहे.